हातभर दोरी

मी बँकेचा ड्राफ्ट उन्हाकडे धरला, उलटा करून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "एकदम खरा."

तो अधिकार मला होता. आदिलाबादच्या कचेरीसमोर बावीस वर्षं मी स्टॅम्प विकत होतो. खरा कागद आणि खोटा कागद मला वासावरून कळतो, असं मी चारचौघांत सांगत असे. त्या दिवसापर्यंत सांगत असे, असं म्हणायला हवं.

समोरच्या खुर्चीवरचे गृहस्थ प्रसन्न हसले. अंगात पांढरी सफारी, खिशाला दोन पेनं, हातात चामड्याची बॅग. नाव सुधाकरराव. यवतमाळकडच्या कुठल्याशा शिक्षणसंस्थेचे सचिव. आणि मराठी इतकी शुद्ध, की माणसाने नुसतं ऐकत बसावं. आमच्याकडे मराठी बोलणाऱ्यांना तोटा नाही, पण आमची मराठी तेलुगू आणि उर्दूच्या शेजारी वाढलेली. शाळेत तिला कुणी विचारत नाही, कचेरीत तर नाहीच. त्यामुळे सीमेपलीकडचा कुणी 'आपण' आणि 'कृपया' करत आला, की आम्ही आधी त्याला खुर्ची देतो आणि मग त्याचं काम विचारतो.

"उद्धवराव, आता काय पाहून राह्यले?" मी म्हणालो. "द्या मशीन अन् मोकळे व्हा."

उद्धवराव आपल्या टाइपरायटरवरची धूळ फडक्याने पुसत होते. धूळ नव्हतीच. सकाळपासून तिसऱ्यांदा पुसत होते.

उद्धवराव म्हणजे कचेरीसमोरच्या आमच्या कडुलिंबाखालचे मराठी टायपिस्ट. मी स्टॅम्पची पेटी घेऊन ज्या वर्षी इथं बसलो, त्याच वर्षी तेही हे मशीन घेऊन आले. गाव तामसीच्या बाजूला. रोज सकाळच्या बसने यायचे आणि संध्याकाळच्या बसने जायचे. मशीन तेवढं रात्री कचेरीच्या चौकीदाराकडे ठेवायचे. सुरुवातीच्या काळात त्यांच्यापुढे रांग असे. वाटणीचे अर्ज, फेरफाराचे अर्ज, पलीकडच्या तालुक्यांना पाठवायची पत्रं. मग सगळं हळूहळू तेलुगूत गेलं. आता त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात त्यांना आठवड्यातून चार अर्ज मिळाले तर मिळाले. पण माणूस रोज वेळेवर येऊन बसायचा. रिबन सुकू नये म्हणून रिकाम्या कागदावर सगळी बाराखडी मारायचा आणि तो कागद नीट घडी करून मला स्टॅम्पच्या पुड्या बांधायला द्यायचा.

त्यांची मुलगी आशा मात्र वेगळ्या पाण्याची. तिने इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पहिल्या वर्गात पास केल्या होत्या. ज्या सरांकडे शिकली, ते क्लास बंद करून हैदराबादला निघाले होते. त्यांच्याकडचं एक चांगलं इंग्रजी मशीन ते टेबलासकट पाच हजारांना द्यायला तयार होते. त्यांच्याकडे दुसरंही गिऱ्हाईक होतं, पण आशा त्यांची लाडकी. "सोमवारपर्यंत थांबतो," असं ते म्हणाले होते. मशीन मिळालं, तर आशा बापाशेजारी याच लिंबाखाली बसणार होती. नाही मिळालं, तर कापसाच्या शेतात खुरपणीला तिच्या आईच्या सोबत जाणार होती. दुसरी वाट नव्हती.

तिने शिकवण्या करून अठराशे रुपये जमवले होते. बाकीच्या बत्तीसशेसाठी बापाने स्वतःचं मशीन विकायला काढलं. आदिलाबादेत मराठी मशीन कोण घेणार? म्हणून त्यांनी नांदेडच्या एका वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. पंधरा दिवसांनी सुधाकररावांचं पत्र आलं, उद्धवरावांनी उत्तर टाकलं, आणि आज शनिवारी दुपारी एक वाजता जीप घेऊन सुधाकरराव स्वतः हजर झाले. किमतीत एका पैशाची घासाघीस नाही. मशीनकडे पाहून म्हणाले, "वा! काय जपलंय आपण! अशी माणसं आता उरली नाहीत."

ड्राफ्ट पाच हजारांचा होता. संस्थेने टेबल-खुर्चीही त्यात धरली होती. ती आता दुसरीकडून घेतली होती. म्हणून बत्तीसशे उद्धवरावांनी ठेवायचे आणि वरचे अठराशे सुधाकररावांना रोख द्यायचे. आशाच्या पिशवीत नेमके अठराशेच होते. मला तर हा देवाने जुळवलेला योग वाटला. मी तसं बोलूनही दाखवलं.

उद्धवरावांनी फडकं खांद्यावर टाकलं.

"साहेब, ड्राफ्ट बराबर असंन," ते म्हणाले. "पन बँक बारालेच बंद झाली. सोमवारी दहाले उघडते. रक्कम खात्यात पडली का मशीन बी तुमचं अन् वरचे अठराशे बी तुमचे. तुमी सोमवारी या."

"अहो, सोमवारी तर उद्घाटन आहे! चाळीस मुलं वाट पाहत आहेत. मशीन आजच न्यायला हवं."

"मंग नगद द्या."

"संस्थेचा व्यवहार रोखीत होत नसतो, उद्धवराव." सुधाकररावांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? या परमुलखात एका मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसावर अविश्वास दाखवावा, याचं वाईट वाटतं. मी मुद्दाम आपल्याकडून घेतोय. नागपूरला मशिनं काय कमी आहेत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणा एवढ्या उन्हात आला आणि आम्ही त्याला चोर ठरवतोय! मी उद्धवरावांच्या गुडघ्याला हात लावला. "काऊन ताणून राह्यले? मी सांगतो ना, कागद खरा हाय."

आशा इतका वेळ बापाच्या मागे उभी होती. ती पुढे आली. तिचे डोळे भरले होते. "बाबा, हे साहेब गेले तं सर सोमवारी ते मशीन दुसऱ्याले देऊन देतीन. मंग काय करायचं आपन?"

उद्धवरावांनी पोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. घेऊन जा साहेब मशीन."

आशाने पिशवीत हात घातला.

उद्धवरावांनी मशीन आपल्याकडे फिरवलं आणि मागच्या बाजूला दोन बोटं घातली. टाइपरायटरचा जो भाग अक्षरागणिक डावीकडे सरकत जातो, त्याला कॅरेज म्हणतात; ओळ संपली की डाव्या हाताने ते पुन्हा उजवीकडे ढकलायचं. त्याला ओढायला आत हातभर दोरी असते. ती दोरी त्यांनी आकड्यातून हळूच सोडवली, आतल्या स्प्रिंगपासूनही मोकळी केली, बोटाभोवती गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"हे आमच्याकडची रीत हाय," ते म्हणाले. "माहा बाप रामाजी बैलायचा व्यापार करे. बैल विकला तरी दावं द्यायचं नाही. घेनाऱ्यानं आपलं दावं आनावं. अन् शेवटचा पैसा हाती पडेपर्यंत आपलं दावं बैलाच्या गळ्यातून काढायचं नाही. इथी जरा उलटं करतो. मशीन न्या, दावं सोमवारपर्यंत माह्यापाशी राह्यते."

"राहू द्या की! हातभर दोरीचं काय एवढं?" सुधाकरराव मोठ्याने हसले. "ते अठराशे तेवढे द्या, म्हणजे मी निघतो."

"दोरी नसली तं चालंन?"

"अगदी चालेल."

"पोरायले सोमवारी शिकवा लागते ना याच्यावर?"

"शिकतील हो. त्याची काळजी आपण करू नका."

आशाचा हात पिशवीतच थांबला. मग तिने तो रिकामा बाहेर काढला आणि पिशवीचं तोंड घट्ट पिळून ती काखेत धरली. तिला कळलं होतं. मला अजून कळलं नव्हतं, हे मी कबूल करतो. मला एवढंच दिसत होतं, की बाप-लेक एकमेकांकडे पाहताहेत आणि दोघांचेही चेहरे एकाएकी शांत झालेत.

"आशा," उद्धवराव म्हणाले, "बँकेतले कॅशिअर मागल्या गल्लीतच राह्यतात. जाय, त्याहिले बोलावून आन. म्हन, एक ड्राफ्ट पाहाचा हाय. साहेब, तवरक चहा घ्या. नागनाथ, चहा सांग."

मी चहावाल्याला हाक मारून मान वळवतो, तो माझ्या हातातला ड्राफ्ट गेलेला. सुधाकरराव उभे राहिले होते. "हा अपमान आहे! भलं करायला यावं तर हे असं!" एवढी त्यांची शुद्ध मराठी कानावर पडली आणि जीप रस्त्याला लागली. चहा आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. तो कप मी प्यालो.

आणि मग मी भडकलो. खरंच भडकलो. "चालून आलेली लक्ष्मी घालवली तुमी! आपल्या हातानं पोरीच्या पोटावर पाय देल्ला!"

उद्धवरावांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नागनाथ, दोरी नसली का टाइपरायटर जागच्या जागी अक्षरावर अक्षर मारते. एक ओळ बी उमटत नाही. शिकवाले मशीन नेनारा मानूस माह्याशी दोरीसाठी भांडला असता, माही गचांडी धरली असती. ज्याले बैल पायजे तो दाव्यासाठी भांडते. याले मशीन नकोच होतं. याले पोरीची पिशवी पायजे होती."

"पन पिशवीत किती हायेत हे त्याले कसं समजलं?"

यावर ते ओशाळले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना ओशाळलेलं पाहिलं.

"मीच कळवलं. अर्ज लिहून लिहून हात बिघडला माहा. अर्जदाराची हकीकत पहिल्यापासून लिहायची, काही झाकायचं नाही, तवा साहेबाले दया येते. तसंच लिहिलं त्याले पत्रात. पोरीचं शिक्षन, सरांचं मशीन, जमा अठराशे, कमी बत्तीसशे. विनंती विशेष. त्यानं बेरीज करून ड्राफ्ट आनला."

तरी मनातून माझी खात्री पटलेली नव्हती. वाटत होतं, कागद चांगला होता.

आशा मात्र रडत बसली नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, एकटी बसने आली आणि थेट सरांच्या घरी गेली. म्हणाली, "सर, अठराशे आज घ्या. बाकीचे आठ दिवसांत. नाही जमले तर मशीन तुमचं आणि यातले दोनशेही तुमचे." सर विचारात पडले. ते काही बोलायच्या आत तिने त्याच मशीनमध्ये कागद घातला, पावती टाइप केली आणि सहीसाठी पुढे ठेवली. एकही चूक नव्हती. सरांनी सही केली. सोमवारी तिने ती पावती बापाला दाखवली, तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली आणि मला दिली.

"कागद पारखून दे बरं, नागनाथ," ते म्हणाले.

मी पारखला नाही. मुकाट्याने परत दिला.

मंगळवारी भैंसा गावचे दादाजी आले. कापसाच्या व्यापारातले साधे गृहस्थ, पण चेहरा असा उतरलेला की घरात काही बरंवाईट झालं असावं. त्यांनी मोटारसायकल विकायला काढली होती. शनिवारी संध्याकाळी पांढऱ्या सफारीतले एक सचिव जीप घेऊन आले. ड्राफ्ट जास्तीच्या रकमेचा होता. वरचे दोन हजार दादाजींनी रोख दिले आणि मोटारसायकलची चावीही दिली. सोमवारी बँकेने सांगितलं, असा ड्राफ्ट आमच्या कुठल्याच शाखेने काढलेला नाही.

"मराठी लय गोड बोले तो," दादाजी म्हणाले. "मीनं ड्राफ्ट उन्हात धरून पाह्यला, भाऊ. मले वाटलं, खरा हाय."

मी स्टॅम्पच्या पेटीत काहीतरी शोधू लागलो. बराच वेळ शोधलं.

इथल्या ठाण्यात तेलुगूत फिर्याद दिली होती. पण माणूस पलीकडचा, म्हणून पलीकडच्या पोलिसांनाही मराठीत अर्ज द्यायचा होता. उद्धवरावांनी खिशातून दोरी काढली, जागेवर बसवली आणि कॅरेज एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन पाहिलं. मग दादाजींची हकीकत पहिल्यापासून लिहायला घेतली. तास लागला. जीपचा नंबर, सफारीचा रंग, दोन पेनं, ड्राफ्टवरची तारीख. जे माझ्या लक्षात नव्हतं ते त्यांच्या लक्षात होतं. शेवटी दादाजींनी पैसे विचारले.

"कागदाचे द्या," उद्धवराव म्हणाले. "अन् यापुढं गाडी इका तवा पैसा हाती पडेपर्यंत चावी आपल्यापाशी ठेवा. जो चावीसाठी भांडत नाही, त्याले गाडी नको असते."

त्या मशीनवरचा तो शेवटचा अर्ज.

गुरुवारी किनवटहून रेणुकाबाई आल्या. शाळेतल्या बाई, सुट्टीत मुलींसाठी टायपिंगचा वर्ग काढायचा त्यांच्या मनात होता आणि जाहिरातीचा कपटा महिनाभर पर्समध्ये पडून होता. त्या ना हसल्या, ना कौतुकाचा शब्द बोलल्या. पदर खोचला, मशीन पालथं केलं आणि पहिलं काम काय केलं असेल, तर मागे बोट घालून दोरी ओढून पाहिली.

"ही झिजलेली आहे. शंभर कमी करा."

उद्धवरावांचा चेहरा असा उजळला, की बाई गोंधळल्याच.

"दोरी मी देतच नाही, बाई," ते म्हणाले. "तुमची आना."

"हा काय चावटपणा? दोरीशिवाय मशीन घेऊन काय पूजा करू मी? आणि मग शंभर नाही, दोनशे कमी."

भांडण चांगलं तासभर चाललं. बाईंनी एकेक अक्षर मारून पाहिलं. 'क्ष' जरा वर उडतो, घंटा दमाने वाजते, एका पायाचं रबर बदललेलं आहे. उद्धवराव प्रत्येक दोष मान्य करत होते आणि प्रत्येक दोषावर खूश होत होते. अखेर तीन हजारांवर तुटलं. बाईंनी मेकॅनिकच्या दुकानातून नवी दोरी आणली, तिथल्या तिथे बसवून घेतली, एक ओळ मारून पाहिली आणि मग कंबरेचा बटवा सोडून नोटा मोजून दिल्या. मी एकाही नोटेला हात लावला नाही. आशाने मोजल्या.

दोनशे कमी पडत होते, ते मी दिले. उद्धवराव नको नको म्हणाले. मी म्हटलं, "राहू द्या. अक्कलखाती गेले."

मशीन बसस्टँडपर्यंत त्यांनी स्वतः डोक्यावरून नेलं. निघण्याआधी आशाने त्याला हळदकुंकू लावलं. बसमध्ये खिडकीजवळच्या सीटवर ठेवून त्यांनी कंडक्टरला तेलुगूत बजावलं, "जाग्रत्त." बाईंनाही मराठीत तेच सांगितलं, जपून न्या. बस वळणाआड गेल्यावरही ते तिथेच उभे होते. मी हाक मारली नाही. या माणसाने फसवणारा समोर असताना डोळ्यांची पापणी लवू दिली नव्हती, आणि खरं गिऱ्हाईक रोख पैसे देऊन गेल्यावर याचे ओठ थरथरत होते.

परत आल्यावर त्यांनी खिशातली जुनी दोरी काढली. लिंबाच्या खोडात एक खिळा आहे, त्याला ते टोपी आणि डबा अडकवत. दोरीची गाठ मारून ती त्या खिळ्याला लावली. बैल गेल्यावर दावं गोठ्याच्या खुंटीलाच लावतात.

शुक्रवारी इंग्रजी मशीन टेबलासकट आलं आणि त्यांच्या जागी आशा बसली. पहिल्याच दिवशी तिला सात कागद मिळाले. उद्धवराव शेजारी स्टुलावर बसून कागद हातात देत होते, सरळ करत होते, गिऱ्हाइकाला "बसा" म्हणत होते. मला वाटलं, आता ते घरी राहतील. पण सोमवारी सकाळच्या बसने दोघंही उतरले.

त्या दिवशी त्यांच्याच गावच्या भागाबाई आल्या. लेक किनवटकडे दिलेली, तिच्या रेशनकार्डासाठी तिथल्या कचेरीत मराठीत अर्ज हवा होता.

"उद्धवभाऊ, मशीन कुठी गेलं?"

"सासरी गेलं," उद्धवराव म्हणाले. "बसा. मी हातानं लिहून देतो."

त्यांनी फळी मांडीवर घेतली, माझ्याकडून पेन घेतलं आणि भागाबाईंची हकीकत पहिल्यापासून लिहायला लागले. अक्षर टाइपासारखंच सरळ. शेजारी आशाचं मशीन खडखडत होतं. मी कुणालातरी स्टॅम्प देत होतो, म्हणून मला आधी दिसलं नाही. मशीन थांबलं तेव्हा मी वर पाहिलं. आशा की-बोर्डवर हात ठेवून बापाकडे बघत होती.

उद्धवराव ओळ लिहीत होते. ओळ कागदाच्या कडेला आली, की त्यांचा डावा हात मांडीवरून उठायचा, हवेतल्या हवेत उजवीकडे सरकायचा आणि परत मांडीवर यायचा. मग ते खाली दुसरी ओळ सुरू करायचे.